बंगळूरचा उन्हाळा आणि काचेतलं तळं

बंगळूरची पोस्टिंग आली की लोक अभिनंदन करतात. राजस्थानातून किंवा जम्मूकडून येणाऱ्याला तर सगळे एकच वाक्य ऐकवतात, "मजा आहे, पंखासुद्धा लागत नाही." मलाही ते बऱ्याच जणांनी ऐकवलं. त्यांतले निम्मे माझ्याहून पंधरा-वीस वर्षं सीनियर होते आणि त्यांनी पाहिलेलं बंगळूर खरोखरच तसं असावं. मी इथे आलो त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, म्हणजे 2024 च्या एप्रिलमध्ये, रात्री दहा वाजता आमच्या बैठकीतल्या फिश टँकचा थर्मामीटर 32 अंश दाखवत होता. त्याच महिन्याच्या शेवटी शहराचं तापमान 38 च्या वर गेलं.

हा लेख त्या टँकबद्दल आहे. एरवी या ब्लॉगवर लढाया, किल्ले, छावण्या यांच्याबद्दल वाचायला येणाऱ्या वाचकांनी थोडा धीर धरावा. छावणी आणि इतिहास याही गोष्टीत आहेत.

फौजेतल्या मुलांना दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलावी लागते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. धाकटीची ही पाचवी शाळा. मागच्या स्टेशनवरून निघताना ती रडली नाही, फक्त गप्प बसून राहिली, आणि ते जास्त जड गेलं. त्या भरात मी कबूल केलं की बंगळूरला गेल्यावर फिश टँक घेऊ. इथे बदलून जाणाऱ्या एका अधिकाऱ्याकडून चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टँक मिळाली. साधारण 220 लिटर पाणी. तिच्यात झेब्रा मासे, दोन जोड्या गुरामी, आणि लेकीने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतलेले पाच डेनिसन बार्ब. केरळच्या डोंगरातला हा मासा, अंगावर लाल आणि काळा पट्टा. दुकानात त्याला 'मिस केरळ' म्हणतात. पाचांना पाच जुन्या मैत्रिणींची नावं मिळाली.

2024 च्या त्या उन्हाळ्यात बंगळूरला पाण्याची टंचाई होती. आदल्या वर्षीचा पाऊस कमी झालेला, बोअरवेल आटलेल्या, टँकरच्या रांगा लागलेल्या. मार्चमध्ये पिण्याचं पाणी गाड्या धुवायला आणि बागेला वापरायला बंदी आली आणि दंड ठरला 5000 रुपये. आमच्या क्वार्टरलाही पाणी ठरावीक वेळीच येत होतं. अशा वेळी टँकमधलं पाणी रोज बोटभर खाली जाताना पाहून माझ्यातला क्वार्टरमास्टर जागा झाला. शेजारी बादल्या मोजत असताना माशांच्या नावाखाली पाणी हवेत उडवायचं? मी काचेचं झाकण पूर्ण लावून टाकलं. जी फट होती तिच्यावर टेप चिकटवली. पाणी उडायचं थांबलं आणि मी स्वतःवर खूश झालो.

चौथ्या रात्री अकराच्या सुमारास वीज गेली आणि पहाटे पाचनंतर आली. उठून पाहिलं तर तीन डेनिसन बार्ब तळाशी आडवे पडले होते. उरलेले दोघे पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होते. गुरामी मात्र एका कोपऱ्यात निवांत. लेक शाळेची तयारी करून बाहेर आली, तिने पाहिलं, आणि एकच प्रश्न विचारला, "बाबा, टेप का लावली होती?"

फौजेत काही बिघडलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. इथे आरोपी मीच, चौकशी अधिकारीही मीच. पुढचे काही आठवडे मी जे वाचलं, मोजलं आणि लोकांना विचारलं त्याचा हा अहवाल.

पहिला निष्कर्ष असा की गरम पाण्यात मासा बहुधा आधी गुदमरतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला 24 अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साधारण 8.4 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 32 अंशांना तो 7.3 वर येतो. त्याच वेळी माशाच्या शरीराचं काम उलट वाढत जातं. ढोबळमानाने पाणी दहा अंशांनी तापलं की त्याची प्राणवायूची गरज दुप्पट होते. रसद घटते आणि खर्च वाढतो, असं दोन्हीकडून होतं.

त्यात बंगळूरची उंची आहे. लडाखमध्ये राहिलेल्या कुणालाही उंचीवर दम का लागतो हे शिकवावं लागत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटरवर आहे. माणसाला ती उंची जाणवतही नाही, पण हवेचा दाब इथे मुंबईपेक्षा जवळजवळ दहा टक्के कमी, आणि पाण्यात विरघळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. म्हणजे मुंबईच्या टँकमध्ये 32 अंशांना जे 7.3 मिलिग्रॅम असतात, ते इथे साडेसहाच्या आसपास. आणि हा झाला वरचा आकडा. टँक बंद, पंप बंद आणि मासे भरपूर असतील तर प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमी.

दुसरा निष्कर्ष मला एका निवृत्त सुभेदार साहेबांनी दिला. ते मद्रास इंजिनिअर ग्रुपचे. आपल्याकडे मराठ्यांना 'गणपत' म्हणतात तसं एमईजीच्या जवानाला 'थंबी' म्हणतात, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. एमईजीचं केंद्र हलसूर तलावाला अगदी लागून आहे, इंग्रजांनी ज्याला अल्सूर केलं तोच हा तलाव. पहाटे फिरायला जाताना आमची ओळख झाली. मी टँकची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता, तलावाकडे बघत विचारलं, "साहेब, कधी मेले? पहाटे ना?"

मी हो म्हटलं.

"तलावातले पण पहाटेच मरतात. सोळा साली मी इथेच होतो."

7 मार्च 2016 हा सोमवार होता, महाशिवरात्रीचा दिवस. त्या सकाळी हलसूर तलावाच्या काठावर हजारो मेलेले मासे तरंगत होते. फोटो देशभर छापून आले. तलावात सांडपाणी येत होतं हे शहराला आधीपासून माहीत होतं. सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू प्राणवायू खातात आणि त्याच घाणीच्या खतावर शेवाळ माजतं. दिवसा ऊन असताना शेवाळ प्राणवायू सोडतं म्हणून सगळं ठीक दिसतं. रात्री तेच शेवाळ माशांच्या बरोबरीने प्राणवायू ओढायला लागतं. अंधार पडल्यापासून साठा उतरत जातो आणि सगळ्यात खाली येतो तो उजाडायच्या जरा आधी. त्या वर्षी उष्माही लवकर चढला होता. पुढच्याच महिन्यात, एप्रिल 2016 मध्ये, बंगळूरने 39.2 अंश पाहिले आणि 1931 सालचा 38.9 चा विक्रम मोडला.

आपल्याला फौजेत 'स्टँड टू' शिकवतात. पहाटेच्या पहिल्या उजेडाआधी प्रत्येक जवान हत्यार घेऊन आपल्या जागी, कारण हल्ल्याची शक्यता तेव्हा सगळ्यात जास्त. खडकवासल्याला कॅडेट असताना पहिल्यांदा स्टँड टू केलं तेव्हा थंडीत दात वाजत होते आणि त्यामागचं शहाणपण काही डोक्यात शिरलं नव्हतं. इतक्या वर्षांनी, बैठकीतल्या टँकने ते मला वेगळ्या प्रकारे शिकवलं. माशाचाही कठीण पहारा पहाटेचाच.

सुभेदार साहेबांच्या बोलण्यामुळे मी तलावाच्या इतिहासात शिरलो. बंगळूरला नदी नाही. हे शहर उंचवट्यावर वसलेलं, पावसाचं पाणी चारी बाजूंना वाहून जाणार. म्हणून केंपेगौडांच्या घराण्याने आणि त्यांच्या आधी-नंतरच्यांनी उतारावर बांध घालून तलाव केले. कानडीत त्याला 'केरे' म्हणतात. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, अशी साखळी. मराठी वाचकाला या भूगोलाशी नातं सांगायला फार लांब जावं लागत नाही. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इथे आले, तिसऱ्या केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं गेलं आणि हे शहर राजांच्या जहागिरीचं ठाणं झालं. जवळजवळ पन्नास वर्षं ते भोसल्यांकडे होतं. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिरातला 1669 चा शिलालेख एकोजीराजांच्या दानाचा आहे. 1687 मध्ये एकोजीराजांनी शहर चिक्कदेवराज वडियारांना तीन लाखांना विकायचं ठरवलं आणि ते म्हैसूरकडे गेलं.

त्या मंदिरासमोर जमिनीत दडलेलं एक नंदीतीर्थ 1997 मध्ये खोदकामात उघडं पडलं. मी लेकीला घेऊन तिथे गेलो होतो. दगडी नंदीच्या तोंडातून पाण्याची धार शिवलिंगावर पडते आणि तिथून खालच्या पायऱ्यांच्या कुंडात जाते. कुंड जमिनीच्या पातळीच्या बरंच खाली, दगडांच्या सावलीत. एप्रिलच्या दुपारी पायऱ्या उतरताना गारवा जाणवतो. बांधणाऱ्यांच्या मनात धर्म होता, प्राणवायू नव्हता, हे उघड आहे. पण खोली, सावली आणि सतत पडणारी धार या तीन गोष्टींनी पाणी जिवंत राहतं एवढं त्यांना नक्की माहीत असणार. कुंडात कासवं होती, लेक त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसली.

इंग्रजांनी 1809 मध्ये श्रीरंगपट्टणची रोगट छावणी हलवून हलसूरजवळ आणली. त्यांनाही पाणी या जुन्या तलावांतूनच मिळालं. पुढे ते पुरेना तेव्हा 1882 मध्ये मद्रास सॅपर्सच्या कर्नल रिचर्ड सँकींनी नवा तलाव बांधला, तो आजचा सँकी टँक. म्हणजे तलाव बांधणं हे इथे राजाचंही काम होतं आणि फौजी इंजिनिअरचंही. त्यानंतर नळ आले, दुरून पाणी आलं, आणि तलावांची गरज संपली असं शहराला वाटलं. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मॅजेस्टिकचा बस स्टँड आहे, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव स्टेडियम. उरलेल्या तलावांत सांडपाणी गेलं. वाहणारी साखळी तुटली की तलाव म्हणजे फिल्टर बंद पडलेली टँक, फक्त मोठी.

आता काचेच्या टँककडे येतो, कारण तिलाही इतिहास आहे. 1850 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगायी ठेवल्या तर पाणी न बदलता सगळे जगतात, कारण वनस्पती माशांना प्राणवायू देतात. घरातल्या टँकचा पाया हा. पण गणित अर्धंच आहे हे माझ्या टँकने दाखवलं, वनस्पती रात्री देणेकऱ्यांच्या रांगेतून उठून घेणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतात.

उरलेलं अर्धं गणित विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी सोडवलं. हा माणूस मूळचा पुस्तकं बांधणारा कारागीर. 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांनी जे मत्स्यालय उभं केलं त्यात लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा पाण्याचा साठा खाली, जमिनीत, काळोखात होता. पंप ते गार पाणी सतत वर चढवत आणि वरचं पाणी पुन्हा खाली येई. दिसणारी टाकी लहान, न दिसणारं पाणी मोठं, आणि सगळं कायम फिरतं. नंदीतीर्थाच्या पायऱ्यांवर बसून मला हेच आठवलं होतं.

मासे मात्र बरेचसे आपल्याकडचे. टिपू पडल्यानंतर वर्षभरात, 1800 च्या उन्हाळ्यात, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस ब्युकॅनन म्हैसूरची पाहणी करत बंगळूरला आला, लालबाग पाहून गेला. हाच पुढे हॅमिल्टन या नावाने ओळखला गेला आणि 1822 मध्ये त्याने गंगेच्या माशांवरचं पुस्तक काढलं. आज जगभरच्या टँकमध्ये आणि प्रयोगशाळांमध्ये असलेला झेब्रा मासा, तसंच आपल्या ड्वार्फ आणि हनी गुरामी, या सगळ्यांची पहिली शास्त्रीय नोंद त्या पुस्तकात आहे. डेनिसन बार्बची नोंद 1865 मध्ये मद्रास इलाख्याच्या फौजेतला डॉक्टर फ्रान्सिस डे याने केली आणि नाव दिलं तेव्हाचे मद्रासचे गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांचं. डेनिसन स्वतः रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपल्या टँकमध्ये पण आर्मीच होती."

गुरामी का वाचल्या आणि डेनिसन का गेले याचंही उत्तर यातच आहे. गुरामी उथळ, कोंदट, तापणाऱ्या पाण्यात वाढलेला मासा. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्या पडलेला एक खास अवयव असतो. पाण्यात प्राणवायू कमी पडला की वर येऊन तो सरळ हवेचा घोट घेतो. याच देणगीमुळे 1869 मध्ये पॅराडाइज फिश नावाचा त्याचा चिनी भाऊबंद पॅरिसपर्यंतचा लांबचा प्रवास सोसू शकला आणि युरोपातल्या उष्णदेशीय माशांच्या छंदाची सुरुवात त्याच्यापासून झाली असं मानतात. डेनिसन बार्ब पश्चिम घाटातल्या झाडीखालच्या गार, खळाळत्या ओढ्यांतला. कोंडलेलं पाणी त्याने कधी पाहिलेलंच नाही.

आपण दोघांनाही 'ट्रॉपिकल फिश' म्हणतो. हा शब्द थंड देशांत घडला. तिथे प्रश्न पाणी गरम ठेवण्याचा होता, म्हणून तिथली पुस्तकं हीटरबद्दल पानंच्या पानं लिहितात आणि आपणही टँकबरोबर हीटर घेऊन येतो. माझ्याही टँकला एक होता, एप्रिलमध्येसुद्धा प्लगला लावलेला. मासे आपल्या देशातून तिकडे गेले, छंद होऊन परत आले, आणि येताना तिकडची काळजी घेऊन आले.

मग पाणी थंड कसं करायचं? पहिलं सगळ्यांना सुचतं ते बर्फ. मलाही सुचलं, आणि मी गणित केलं. 220 लिटर पाणी 32 वरून 29 अंशांवर आणायला जवळजवळ सहा किलो बर्फ लागतो, आणि खोली तापलेली असल्याने काही तासांत पाणी परत जागेवर. हा चढउतार माशाला स्थिर 31 अंशांपेक्षा वाईट. उन्हातून आलेल्या जवानाला एकदम बर्फाच्या पाण्यात कुणी टाकत नाही, त्यातला हा प्रकार.

दुसरा उपाय आपल्या प्रत्येक घरात होता, माठ. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडतं, आणि उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. जुन्या वाचकांना जीपच्या पुढे टांगलेली कॅनव्हासची छागल आठवत असेल. वाळवंटातही तिच्यातलं पाणी गार लागायचं ते याच कारणाने. हिशेब करून पाहिला तर एक लिटर पाणी उडताना पाच किलोंहून जास्त बर्फाइतकी उष्णता शोषून घेतं. त्यातली काही हवेतून येते, सगळी टँकमधून जात नाही, तरीही फरक मोठा आहे. आणि बंगळूरचा एप्रिल कोरडा, त्यामुळे इथे पाणी झपाट्याने उडतं. मुंबईच्या दमट मे महिन्यात हाच उपाय निम्मासुद्धा चालणार नाही.

म्हणजे मी टेप लावून जे पाणी 'वाचवलं', तेच पाणी माझ्या माशांना वाचवत होतं. झाकण बंद केलं तेव्हा उष्णता आत अडकली आणि वरून मिसळणारी हवाही तुटली. शिस्तीने, चांगल्या हेतूने आणि न विचारता केलेली चूक. फौजेत अशा चुका पाहिलेल्या वाचकांना यावर जास्त सांगायला नको.

झाकण काढलं, वर जाळी टाकली, आणि टेबल फॅन असा लावला की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून आडवा जाईल. दोन दिवसांत पाणी 32 वरून साडेअठ्ठावीसच्या आसपास आलं आणि तिथेच राहिलं. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी उडत होतं. उडताना क्षार मागेच राहतात, म्हणून भर घालायची ती बोअरच्या जड पाण्याची घालून चालत नाही. आम्ही आरओचं पाणी घालू लागलो आणि आरओ जे खारं पाणी बाहेर टाकतो ते साठवून फरशी पुसायला आणि संडासाला वापरलं. महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा घरातलं पाणी आधीपेक्षा कमीच लागत होतं.

बाकीचं ड्रिल लेकीने एका कागदावर लिहून टँकच्या बाजूला चिकटवलं. नफरी कमी: जितके मासे जास्त तितका प्राणवायूचा खर्च जास्त, उन्हाळ्यात नवीन मासे आणायचे नाहीत. रेशन अर्धं: पचनालाही प्राणवायू लागतो आणि उरलेलं खाणं कुजताना तो खातं. हीटरचा प्लग काढलेला. दिवा दिवसातून चार-पाच तासच, पडदे दुपारी बंद. पाण्याची पातळी दोन बोटं खाली, म्हणजे फिल्टरची धार उंचावरून पडेल आणि पृष्ठभाग ढवळला जाईल. यालाच आम्ही 'नंदी' म्हणतो. पाणी बदलायचं तर थोडं थोडं, आतल्या पाण्याशी एक-दोन अंशांच्या फरकाचं, आणि नळाचं असेल तर क्लोरीन घालवून. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप लगेच सुरू. तो सापडला नाही तर मगने पाणी काढून वरून ओतत राहायचं, दर थोड्या वेळाने, कुणीतरी जागं राहून. शेवटची ओळ तिने मोठ्या अक्षरात लिहिली आहे: 'पहाटे पाच वाजता बघणे.' ते काम माझं.

उरलेल्या दोन डेनिसन बार्बपैकी एक आठवड्याभराने गेला. दुसरा जगला, पण या घरात त्याला हवं तसं पाणी उन्हाळ्यात देता येणार नाही हे लेकीनेच ठरवलं. टँकसाठी चिलर मिळतो, पण तो महाग आणि घेतलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो. ओळखीच्या एका जुन्या छंदवाल्याकडे तळघरात मोठी, गार टँक आहे, त्यांच्याकडे तो मासा तिने स्वतः नेऊन दिला. पुन्हा डेनिसन घ्यायचे का, असं मी विचारलं. "नको बाबा," ती म्हणाली, "त्याला ही पोस्टिंग सूट होत नाही."

मे महिन्याच्या सुरुवातीला अखेर पाऊस आला. अंगणात मातीचा वास सुटला, मुलं भिजायला बाहेर पळाली, आणि दुसऱ्या दिवशी टँक आपोआप 27 वर आली होती. पाच वाजता उठायची सवय मात्र राहिली. टँक बघून मी हलसूर तलावाकडे चालत जातो. सुभेदार साहेब तिथे असतातच. आम्ही दोघेही काही न बोलता आधी पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघतो, कुठे मासे तोंड वर काढून आहेत का. बहुतेक दिवशी नसतात. मग ते म्हणतात, "ठीक आहे, साहेब," आणि आम्ही फेरी सुरू करतो.

जय हिंद.